नळ्यांचे कांदळवन : पुठ्ठ्याच्या भित्तिशिल्पाच्या प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२५

मुलुंड पूर्वेच्या आमच्या वाचनालयात, जिन्याच्या पहिल्या वळणावर, आठ फूट रुंद आणि साडेपाच फूट उंच अशी एक मोकळी भिंत आहे. कार्यवाहांनी ती आमच्या हस्तकला गटाला दिली असून शाळा सुरू होण्याच्या सुमारास, म्हणजे जूनच्या मध्यापर्यंत, काम भिंतीवर लागावे अशी अपेक्षा आहे. साहित्य पुठ्ठ्याच्या टाकाऊ नळ्यांचे आणि विषय निसर्गाचा, एवढेच आधी ठरलेले होते. उरलेले आजच्या बैठकीत ठरले, आणि ते ठरवताना जी चर्चा झाली तिचा सारांश येथे लिहून ठेवणे आवश्यक वाटते.

नळ्यांपासून केलेल्या बहुतेक वस्तूंमध्ये नळीला कसले ना कसले सोंग दिलेले असते. रंग फासायचा, डोळे चिकटवायचे, पंख लावायचे, की झाले घुबड किंवा फुलपाखरू. अशा कामात नळी ही केवळ अंग धरून उभी राहणारी वस्तू असते; तिच्या जागी खोके असते तरी काही बिघडले नसते. आम्हाला याच्या उलट दिशेने जायचे आहे. निसर्गात मुळातच पोकळ, कड्यासारखे, निमुळते किंवा पिळाचे असे जे आकार आहेत, तेच निवडावेत आणि नळीला शक्यतो नळीच राहू द्यावे. मुलुंडपासून खाडी जवळ आहे आणि खाडीकाठी कांदळवन, म्हणजे खारफुटीचे जंगल, आहे. तिवर आणि चिप्पी ही तेथली दोन झाडे. तिवराची चिखलातून वर येणारी श्वसनमुळे, चिप्पीची जाड मुळे, खोडांना चिकटलेले बार्नॅकल हे कवचधारी जीव आणि तिवराची पाने हे चार घटक या कसोटीला उतरतात. दुसरा नियम असा की प्रत्येक गोष्ट शक्य तितकी खऱ्या मापाची असावी. भिंत लहान असल्यामुळे संपूर्ण झाड दाखवण्याचा मोह सोडून, बुंध्याजवळचा एक तुकडा आणि वरून उतरलेली एखादी फांदी एवढेच घ्यायचे आहे.

९ मार्च

नळ्या गोळा करण्यास सुरुवात झाली. या विषयावरील परदेशी सूचना शौचालयातील कागदी गुंडाळीची नळी गृहीत धरतात. आपल्याकडे ती हॉटेलांत मिळेल, पण आमच्या गटातील कोणाच्याही घरी तिचा साठा नाही. मुंबईत नळ्या मिळतात त्या बाजारात. मंगलदास मार्केट आणि हिंदमाता येथील कापड दुकानांत तागा संपला की चार-पाच फूट लांबीची जाड नळी उरते, कारण कापडाचे पन्हे साधारण ४४ किंवा ५८ इंचांचे असते आणि नळी त्याहून थोडी लांब ठेवलेली असते. नकाशे छापणाऱ्या दुकानांत दोन इंच आतील व्यासाच्या नळ्या मिळतात. खोकी बंद करण्याच्या चिकटपट्टीची नळी आतून तीन इंच, म्हणजे ७६ मिलिमीटर व्यासाची असते आणि ती कुरिअरवाल्याकडे हवी तेवढी मिळते.

या सगळ्यांत आम्हाला सर्वांत मोलाची वाटली ती किराणा दुकानातील बिलाच्या कागदाची नळी. ५७ किंवा ७९ मिलिमीटर लांबीची आणि बोटाएवढ्या जाडीची ही नळी दिवसभरात एकेका दुकानातून कितीतरी निघते आणि तिच्याकडे कोणाचेही लक्ष जात नाही. काही ठिकाणी आता ती प्लॅस्टिकची येते, त्यामुळे दुकानदारांना आधीच सांगून ठेवावे लागते. शिलाई कारखान्यांतून सुताचे कागदी कोन मिळाले. या कोनांचा उतार ३°३०′, ४°२०′, ५°५७′ अशा ठरावीक मापांचा असतो. आमच्याकडे आलेले बहुतेक ५°५७′ उताराचे आणि सुमारे १७ सेंटीमीटर लांबीचे आहेत.

तेलकट झालेल्या, खाद्यपदार्थ लागलेल्या आणि फटाक्यांच्या नळ्या घ्यायच्या नाहीत. पहिल्या दोहोंना मुंग्या व झुरळे लागतात, तिसरीत दारूचा अंश राहू शकतो.

१६ मार्च

परवाच्या पौर्णिमेमुळे समुद्राला उधाण आहे, त्यामुळे आजची ओहोटीही खोलवर जाणार हे लक्षात घेऊन सकाळी लवकर भांडुप उदंचन केंद्राच्या रस्त्याने खाडीकडे गेलो. या बाजूच्या पाणथळीत रोहित पक्षी अजून आहेत. त्यांच्याकडे पाहण्यात बराच वेळ गेला हे प्रामाणिकपणे नोंदवते. ठाणे खाडीच्या या परिसराला २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आणि २०२२ साली रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून दर्जा मिळाला. मात्र आमचे काम चिखलाकडे पाहण्याचे होते.

तिवराच्या बुंध्याभोवती चिखलातून वर आलेली मुळे पेन्सिलीएवढ्या जाडीची, साधारण वीतभर किंवा त्याहून कमी उंचीची आणि टोकाला बोथट असतात. ती विस्कळीत वाटतात, पण नीट पाहिल्यावर त्यांच्या रांगा दिसतात, कारण चिखलाखाली आडव्या पसरलेल्या मुळ्यांमधून ती सरळ वर उगवलेली असतात. म्हणजे बुंध्यापासून बाहेर जाणाऱ्या अदृश्य रेषांवर ती ओवलेली असतात. ही गोष्ट चित्रात आली नाही तर मुळांऐवजी नुसत्या काड्या रोवल्यासारखे दिसेल. चिप्पीची मुळे याहून जाड, खाली रुंद व वर निमुळती असून त्यांचा आकार सुताच्या कोनाच्या इतका जवळचा आहे की आमच्यातील एका काकांनी जागेवरच वहीत कोनाचे माप लिहून ठेवले. पांढरी चिप्पी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे.

श्वसनमुळांच्या सालीवर बारीक वातरंध्रे असतात आणि आतली ऊती स्पंजासारखी पोकळ असते. भरतीच्या वेळी मुळे पाण्याखाली गेली की आतला प्राणवायू वापरला जातो, तयार होणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून जातो आणि मुळांतील दाब कमी होतो; ओहोटी लागून रंध्रे उघडी पडताच बाहेरची हवा आत ओढली जाते. शोलँडर या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये कांदळवृक्षांच्या मुळांवरील रंध्रे ग्रीसने बुजवून पाहिली तेव्हा आतला प्राणवायू उतरत गेल्याचे आढळले. तेव्हा या झाडाचे जगणेच एका अर्थी नळ्यांवर अवलंबून आहे, आणि आमची निवड केवळ आकाराच्या साधर्म्यावर उभी नाही याचे समाधान वाटले.

२२ मार्च

नळी कशी बनते हे समजल्याखेरीज ती कशी वागेल हे कळत नाही, म्हणून आजचा दिवस नळ्या उलगडण्यात घालवला. क्राफ्ट कागदाच्या लांब पट्ट्यांना गोंद लावून त्या एका पोलादी दांड्याभोवती तिरक्या गुंडाळतात. प्रत्येक थराचा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर येणार नाही असा सरकवलेला असतो. बाहेरून दिसणारी पिळाची रेघ हा शेवटच्या पट्टीचा सांधा होय. हा कागद स्वतःच बहुधा रद्दीपासून झालेला असतो. प्रत्येक पुनर्वापरात लगद्यातील तंतू तुटून आखूड होतात आणि साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर ते कागदाच्या उपयोगाचे राहत नाहीत असे मानले जाते. म्हणूनच नळी दाबाला आश्चर्य वाटावे इतकी टिकते, पण तिची एकेरी पट्टी ओढल्यास सहज फाटते.

नळी कोमट पाण्यात बुडवून ठेवली की गोंदाच्या प्रकारानुसार ती वेगवेगळी वागते. पिठुळ गोंदाच्या नळीचे थर तासाभरात सुटू लागतात. सोडियम सिलिकेट वापरलेली कडक नळी दुसऱ्या दिवशीही हट्टाने तशीच राहते. सुटलेली पट्टी वाळली तरी तिच्या अंगातला पीळ जात नाही. ही पट्टी आम्हाला फार उपयोगी आहे, कारण तिवराची पेन्सिलीएवढी बारीक मुळे करण्यासाठी मूळ नळी जाड पडते. ओली पट्टी सायकलच्या चाकातील तारेभोवती पुन्हा तिरकी गुंडाळून, खाली जास्त आणि वर कमी वेढे घेतले, की टोकाकडे किंचित निमुळती होत जाणारी, आतून पोकळ अशी बारीक नळी तयार होते. यंत्राने जे केले तेच हाताने, अधिक लहान मापात.

येताना वाटेत कांचनाच्या झाडाखाली वाळून फुटलेल्या शेंगा उचलल्या. शेंगेच्या दोन्ही फाका विरुद्ध दिशांना पिळलेल्या असतात. फाकेच्या भिंतीत तंतूंचे दोन थर परस्परविरुद्ध तिरके असतात आणि वाळताना प्रत्येक थर आपल्या तंतूंच्या आडव्या दिशेने आकसतो, म्हणून सपाट फाक पीळ घेते. कागदाचा तंतूही ओलाव्याने लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत मात्र फुगतो. आमच्या पट्ट्या वाळताना का वळतात याचे उत्तर त्या शेंगेत मिळाले. ती शेंग कामाच्या टेबलावर ठेवली आहे.

३१ मार्च

पाडव्यामुळे काम बंद होते. आज फक्त नळ्यांची प्रतवारी झाली.

५ एप्रिल

कापण्याच्या पद्धती निश्चित केल्या. पातळ नळीत घट्ट बसेल असा पीव्हीसी पाइपचा तुकडा घालून, कटर स्थिर धरून नळी फिरवावी. उलट केल्यास पाते भरकटते. जाड नळीसाठी बारीक दात्यांची करवत आणि सुताराची कापणीपेटी लागते. सरळ कापासाठी खूण करण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे सरळ कडेचा कागद नळीभोवती गुंडाळून त्याची कड स्वतःशी जुळवणे. कड जुळली की तीच रेघ काटकोनातली.

खोडावरच्या फांद्यांच्या तुटक्या बुडख्यांसाठी आणि आडव्या मुळ्यांच्या सांध्यांसाठी तिरके काप हवे होते. त्यासाठी कुर्ल्यातील, वातानुकूलनाचे पत्र्याचे डक्ट बनवणाऱ्या एका कारागिराकडे गेले, कारण पाइपाचा कोपरा जुळवणे हे त्यांचे रोजचेच काम आहे. त्यांनी खडूने जमिनीवर आकृती काढून दाखवली. “ताई, नळीचा घेर कागदावर सरळ रेघेत उलगडा, त्याचे बारा भाग करा, आणि प्रत्येक भागावर बाजूच्या चित्रातली उंची चढवा. टिंबं जोडली की लाट दिसेल. ती लाट नळीला गुंडाळा, काप आपोआप तिरका येतो.” तिरका कापलेला दंडगोल उलगडला की त्याची कड ज्या-वक्राच्या (साइन वक्राच्या) आकाराची होते, हे आम्ही शाळेत भूमितीच्या भाषेत शिकलो असू, खडूच्या रेघेत ते अधिक स्पष्ट झाले. ४५ अंशांच्या कापात मिळणाऱ्या लंबवर्तुळाचा मोठा अक्ष नळीच्या व्यासाच्या १.४१ पट येतो, हेही मोजून पडताळले. मी आभार मानले तेव्हा ते म्हणाले, “पुठ्ठा आहे म्हणून बरं, पत्रा असता तर हात कापला असता.”

१३ एप्रिल

मुळे तयार होत आहेत. गटातील दोन मावशींचा हात यात असा बसला आहे की त्यांच्या मुळांना उंची मोजावी लागत नाही. तारेवरून काढलेली नळी सावलीत वाळवावी. उन्हात वाळवल्यास एका अंगाने आकसून वाकते. मात्र थोडी वाकलेली मुळे आम्ही मुद्दाम वेगळी ठेवत आहोत, कारण खाडीतली सगळीच सरळ नव्हती.

बाहेरची पिळाची रेघ ठेवायची की झाकायची यावर मतभेद झाले. तिवराच्या मुळावर अशी रेघ नसते. तेव्हा ज्या ठिकाणी नळीची खूण निसर्गातील खुणेच्या विरोधात जाते तेथे ती झाकावी, जेथे जात नाही तेथे उघडी ठेवावी, असे ठरले. कापाकापीतून उरलेल्या तुकड्यांचा लगदा करून त्याचा पातळ थर मुळांवर दिला आणि ओला असतानाच दाभणाने बारीक रंध्रे टोचली. चिप्पीचे कोन जवळजवळ जसेच्या तसे वापरले. फक्त टोके लगद्याने बंद केली आणि रुंद कड खरवडून असमान केली.

२० एप्रिल

बार्नॅकल हा या कामातला सर्वांत आनंदाचा भाग ठरला आहे. खडकांना, धक्क्याच्या खांबांना आणि कांदळवनाच्या खोडांना चिकटून राहणारा हा जीव शिंपल्यासारखा दिसला तरी खेकडा-कोळंबीच्या कुळातला, म्हणजे कवचधारी संधिपाद आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर सर्रास दिसणाऱ्या प्रकारांत त्याची भिंत सहा तकटांची, ज्वालामुखीच्या तोंडासारखी वर उघडी असते. बिलाच्या कागदाच्या नळीचा सेंटीमीटरभर उंचीचा तुकडा कापून, त्याला खालून सहा चिरा देऊन, सहाही पाकळ्या ओल्या बोटांनी बाहेर फाकवल्या की हीच रचना मिळते. वर तोंड अरुंद हवे असल्यास चिरांऐवजी सहा अगदी निमुळते त्रिकोण वरून कापून कडा एकमेकींकडे ओढाव्या लागतात. हे काम वेळखाऊ आहे, म्हणून पुढच्या रांगेतल्यांनाच करायचे.

त्यांची मांडणी मात्र विचारपूर्वक करावी लागली. बार्नॅकलची अळी पोहत येऊन, जेथे आपल्या जातीचे प्रौढ जीव आधीच आहेत अशी जागा शोधून तेथेच कायमची चिकटते, कारण एकदा चिकटल्यावर जोडीदारापर्यंत जाता येत नाही आणि मीलनासाठी तो हाताच्या अंतरावरच हवा. म्हणून त्यांचे झुबके होतात. झुबक्याच्या मध्यभागी दाटी झाली की बाजूंना पसरायला जागा उरत नाही आणि ते उंच, जवळजवळ नळीसारखे वाढतात. कडेचे मात्र बसके व पसरट राहतात. आमच्यासाठी ही देणगीच होती. मध्यभागी न फाकवलेल्या उंच नळ्या आणि बाहेरच्या बाजूस फाकवलेली बुटकी कडी, असा झुबका रचला की तो आपोआप खरा वाटू लागतो.

सारख्या व्यासाची कडी एकमेकींना खेटून ठेवली तर प्रत्येकीला सहा शेजारी मिळतात आणि ९०.६९ टक्के जागा व्यापली जाते. चौकटीत ओळीने मांडल्यास हेच प्रमाण ७८.५४ टक्के होते. मधमाश्यांच्या पोळ्यातील षट्कोनाचा उगम या सहा शेजाऱ्यांत आहे. पण इतकी शिस्तशीर मांडणी भिंतीवर पोळ्याचीच आठवण करून देते. म्हणून बिलाच्या नळ्यांमध्ये औषधाच्या दुकानातून आलेल्या वेगळ्या जाडीच्या नळ्या मिसळल्या. व्यास वेगळे होताच षट्कोन मोडला आणि खडकाची दाटी आली.

२७ एप्रिल

पाने. नळी चपटी दाबून तिचे सेंटीमीटरभर रुंदीचे काप घेतले की दोन्ही टोकांना अणकुचीदार असे पानाच्या आकाराचे कडे मिळते. चपट्या कड्याची लांबी नळीच्या परिघाच्या निम्मी असते. म्हणजे ५० मिलिमीटर व्यासाच्या नळीतून सुमारे ७८ मिलिमीटर लांबीचे आणि थोडे फुगवल्यावर ७० मिलिमीटरच्या आसपासचे पान निघते. तिवराचे खरे पान याच मापाचे असते. ७६ मिलिमीटरच्या चिकटपट्टीच्या नळीचे पान मोठे पडते, तेव्हा त्या नळ्या खोडासाठी राखल्या.

पानाच्या पोकळीत काही भरायचे नाही. मधल्या शिरेसाठी फक्त एक अरुंद पट्टी उभी बसवली आहे. बाकी पान म्हणजे आकाराची नुसती कड, आणि तिच्यातून मागची भिंत दिसते. तिवराची पाने समोरासमोर जोडीने येतात आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीशी काटकोनात असते. भिंतीवरच्या उठावचित्रात हे दाखवताना एक जोडी बाजूने पसरलेली आणि पुढची जोडी प्रेक्षकाकडे व भिंतीकडे असते. म्हणून एकाआड एक जोडी अगदी अरुंद दाबलेल्या कड्यांची केली. एवढ्या एका गोष्टीने फांदी सजावटीच्या तोरणासारखी न दिसता फांदीसारखी दिसू लागली.

४ मे

रंगाचा प्रश्न. गटातील बहुसंख्यांचे मत हिरव्या पानांकडे होते. माझे मत असे की पुठ्ठ्याचा स्वतःचा रंग हा ओल्या लाकडाच्या आणि वाळक्या चिखलाच्या मधला आहे आणि त्यावर हिरवा ॲक्रेलिक चढवला की पहिल्या बैठकीत नाकारलेले सोंग मागच्या दाराने परत येते. शेवटी जी तडजोड झाली ती मला मान्य आहे. पानांच्या कडांची बाहेरची बाजू तशीच ठेवायची आणि आतल्या बाजूला खडूची पूड व काजळी यांचा फिकट करडा हात द्यायचा, कारण तिवराच्या पानाची खालची बाजू बारीक लवेमुळे राखाडी दिसते. मुळांना गेरू, काजळी आणि पिवडी. चिखलाच्या पट्ट्याला रंगच नाही, तो लगद्याचा.

रंग बांधण्यासाठी डिंक वापरायचा नाही. पावसाळ्यात डिंक हवेतील ओल शोषून चिकट होतो आणि त्यावर धूळ बसते. पांढरा लाकडी गोंद पाण्यात पातळ करून त्यात रंगाची पूड खलली आहे.

११ मे

टिकाऊपणासंबंधीची नोंद पुढे कोणाला उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते. मुंबईत कागदाचे शत्रू तीन : बुरशी, कसर आणि वाळवी. बांधणीकाम करणारे मैद्याच्या खळीत मोरचूद घालतात ते यासाठीच, आणि आम्हीही थर चिकटवण्यासाठी तीच खळ वापरली. मोरचूद विषारी आहे. खळ शिजवण्याचे भांडे स्वयंपाकघरात परत न्यायचे नाही, हातमोजे घालायचे आणि मुलांना या टप्प्यावर बसवायचे नाही.

वाचनालयातील वस्तू असल्यामुळे आगीचा विचार आवश्यक होता. टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक ॲसिड ७ : ३ या प्रमाणात गरम पाण्यात विरघळवून, रंग देण्यापूर्वी सर्व भाग त्या द्रावणातून काढून वाळवले होते. त्याचवेळी बाजूला ठेवलेल्या दोन पट्ट्यांची चाचणी आज अंगणात घेतली. साधी पट्टी मेणबत्तीवर धरताच पेटून संपली. द्रावणातली पट्टी काळी पडली, पण ज्योत दूर करताच विझली. याने पुठ्ठा अग्निरोधक होत नाही, फक्त आग पसरण्यास उशीर होतो, हे कार्यवाहांना लेखी कळवले आहे आणि जिन्यातील विजेच्या पेटीपासून अंतर ठेवण्याचे त्यांनी मान्य केले आहे. या द्रावणाचा कसर-वाळवीवरही उपयोग होतो, हा दुहेरी लाभ.

शेवटचा हात चपडा लाखेचा. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख कागदात मुरते, रंग किंचित गडद करते आणि प्लॅस्टिकसारखी चकाकी देत नाही.

१८ मे

पाठीसाठी मरीन प्लाय घेतला. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड, स्वस्त पडला असता, पण ओल लागल्यावर तो कडेने फुगतो. तीन स्वतंत्र फळ्या केल्या आहेत, म्हणजे जिन्यातून वर नेणे आणि पुढे एखादीच उतरवणे सोयीचे होईल. कापडाच्या ताग्याच्या जाड नळ्या उभ्या चिरून खोडाचे अर्धे गोल केले आणि त्यांवर बार्नॅकलचे झुबके भरतीच्या पाण्याची रेषा धरून बसवले. त्या रेषेच्या वर एकही नाही. पाहणाऱ्याच्या हे लक्षात आले नाही तरी चालेल. रेषा चुकली असती तर मात्र काहीतरी खटकत राहिले असते.

मुळांसाठी फळीवर आधी पेन्सिलीने आडव्या मुळ्यांच्या रेषा काढल्या आणि त्यांवरच भोके पाडली. नंतर त्या रेषा लगद्याखाली गेल्या.

२६ मे

मोसमी पाऊस आज मुंबईत दाखल झाला. नेहमीची तारीख ११ जूनची असल्यामुळे लाखेच्या कामाला अजून पंधरवडा आहे असे आमचे गणित होते. पानांची फळी लाखेविना राहिली आहे. दमट हवेत लाख लावली तर स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर धरते आणि पांढुरका थर येतो. स्पिरिटच्या वाफा पेट घेणाऱ्या असल्याने बंद, वातानुकूलित खोलीत हे काम करण्याची सूचना मी स्वीकारली नाही. फळी जुन्या चादरीत गुंडाळून वरच्या मजल्यावर, पुस्तकांच्या कपाटाशेजारी, जमिनीपासून उचलून ठेवली आहे.

७ जून

पावसाने उघडीप दिली असून दुपारचे ऊन चांगले आहे. पानांच्या फळीला लाखेचे दोन पातळ हात गच्चीवरच्या सावलीत देऊन झाले. पांढुरका थर आला नाही.

१४ जून

फळ्या लागल्या. भिंत बाहेरच्या बाजूची असल्यामुळे तिला पावसात ओल धरण्याची शक्यता आहे. म्हणून प्लाय थेट भिंतीला न लावता इंचभर जाडीच्या उभ्या लाकडी पट्ट्यांवर बसवला आहे, जेणेकरून मागून हवा खेळती राहील. पट्ट्या आडव्या लावल्या असत्या तर हवा अडली असती, ही सुतारकाकांची सूचना. खालची कड पायरीपासून दोन फूट वर आहे, तरीही मुळे मुलांच्या हाताला लागणारच. ती हाताला लागावीत असेच मला वाटते, आणि म्हणून वीसेक जादा मुळे करून खोक्यात ठेवली आहेत. भोकात घट्ट बसवलेली असल्याने तुटलेले मूळ ओढून काढता येते.

जिन्याच्या खिडकीतून संध्याकाळचा उजेड बाजूने येतो. त्या उजेडात पानांच्या पोकळ कडांच्या सावल्या फळीवर पडतात आणि पानांची संख्या दुप्पट झाल्यासारखी दिसते. याचा विचार आराखड्यात नव्हता, पण दिव्याची जागा ठरवताना तो केला : वरून लावायचा दिवा आता खिडकीच्याच बाजूला लागेल.

२९ जून

पावसाचे पहिले मोठे दिवस गेल्यावर पाहणी केली. मुळे आणि बार्नॅकल जसेच्या तसे आहेत. काही पानांनी किंचित पीळ घेतला आहे, आणि तो कोणत्या पानांनी घेतला हे पाहण्यासारखे आहे : जी कडी पिळाची रेघ मध्यशिरेजवळून जाईल अशी कापली गेली तीच वळली, कारण तेथे वरच्या थराचा सांधा आहे आणि ओलाव्याने दोन बाजू सारख्या फुगत नाहीत. पुढच्या वेळी सांधा पानाच्या टोकाशी येईल असे काप घ्यायचे. आत्ताची वळलेली पाने बदलणार नाही. झाडावरची सगळीच पाने कुठे सपाट असतात. बुरशी कोठेही नाही. फळीच्या मागे हात घालून पाहिला, भिंत कोरडी आहे.

उरलेल्या कोऱ्या नळ्या आणि तुकडे रद्दीवाल्याला दिले. रंग किंवा लाख लागलेले तुकडे त्यांत मिसळले नाहीत, कारण ते लगद्यात चालत नाहीत; त्यांचे वेगळे पोते वाचनालयाच्या माळ्यावर आहे.

चिप्पीच्या फुलाचे काम शिल्लक आहे. ते रात्री उमलते, त्यात पांढऱ्या पुंकेसरांचा दाट झुबका असतो आणि वटवाघळे परागीभवनासाठी त्याच्याकडे येतात. बिलाच्या कागदाच्या नळीला सहा चिरा दिल्या की त्याचा पेल्यासारखा निदलपुंज, म्हणजे फुलाचे बाहेरचे हिरवे आवरण, मिळतो, हे करून पाहिले आहे. पुंकेसरांसाठी दुसरी नळी एका टोकाकडून अगदी बारीक झालरीसारखी चिरून आत बसवावी लागेल, आणि ती झालर दमट हवेत लोळू नये म्हणून हे काम ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांवर टाकले आहे. उजवीकडच्या फांदीवर त्यासाठी तीन जागा मोकळ्या सोडल्या आहेत.